एकाच डीपीवरच्या दोन मोटारी : विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुंबई.

विषय : पिण्याच्या पाण्याच्या योजना चालवण्यासाठी अर्थसंकल्पात पैसे ठेवण्याबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावाची माजी सरपंच. गावात ४८० उंबरे, माणसं २,४०० च्या आसपास. आमची पिण्याच्या पाण्याची विहीर गावापासून अडीच किलोमीटरवर, साठवण तलावाच्या खालच्या अंगाला आहे. तिच्यावर साडेसात एचपीची मोटार. तलाव खाली दरीत आणि गाव वर माथ्यावर, त्यामुळे पाणी साधारण ८० मीटर चढवावं लागतं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आमच्या भावकीतल्या अण्णांची विहीर आहे. त्यांचीही मोटार साडेसात एचपीची. दोन्ही मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. हे पत्र त्या दोन मोटारींबद्दल आहे.

२०२५ च्या एप्रिलात, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, सकाळी वायरमन आला आणि आमच्या मोटारीची वायर सोडवून गेला. नऊ महिन्यांची थकबाकी होती, ९६ हजार रुपये. वायरमन चांगला माणूस. जाताना ओट्यावर बसून चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, वरून यादी आलीय. मी नाही सोडवली तर माझ्यावर येतंय." मी त्याला काय बोलणार? थकबाकी खरी होती, यादीही खरी असणार.

संध्याकाळी अण्णा आले. म्हणाले, "सरपंच, साठ फूट पाइप आणा आणि माझ्या विहिरीवरून तुमच्या लाइनला जोडा. माझ्या मोटारीला कुठं बिल येतंय? सरकारच भरतंय." त्यांचं रान टेकडीवर असल्यानं त्यांच्या मोटारीला चढाची सवय होती. दुसऱ्या दिवशी पाइप आला. एकोणीस दिवस गावाने अण्णांच्या मोटारीचं पाणी प्यायलं. पुढे पंचायतीच्या खात्यात निधीचा हप्ता पडला, थकबाकी भरली आणि वायर परत जोडली गेली.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गावाला पाणी देणं नियमात बसत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या एकोणीस दिवसांचं वीजबिल कुणी भरलं, याचा तुम्ही जरा विचार करा. ते सरकारनेच भरलं. जी वीज पिण्याच्या पाण्याला द्यायला सरकारकडे पैसे नव्हते, तीच वीज, त्याच डीपीवरून, त्याच गावाला सरकारने फुकट दिली. मधे फक्त साठ फूट पाइप होता.

२८ जून २०२४ रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. पुढच्या महिन्यात शासन निर्णय निघाला. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं, सुमारे ४४ लाख शेतकरी आणि वर्षाला १४,७६० कोटी रुपये. माझ्या घरी शेती आहे. आमच्याही मोटारीचं बिल आता शून्य येतं आणि ते येऊ नये असं मी म्हणणार नाही. कापसाचा भाव आणि सोयाबीनचा भाव बघून बोलायचं तर शेतकऱ्याला ही वीज मिळाली यात मला वाईट काहीच दिसत नाही. पण हिशेब मात्र मांडायला हवा. तो मी माझ्या नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला, तुम्ही तपासून घ्या.

घरोघरी नळ देणाऱ्या जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं. म्हणजे आमच्या गावाला रोज १ लाख ३२ हजार लिटर. तेवढं चढवायला आमची मोटार नऊ तास चालावी लागते आणि दिवसाला साठेक युनिट खाते. हजार लिटरला साधारण अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर, ०.४५ धरा. आता २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या थोडी आत, ६ कोटी १५ लाख. प्रत्येकाला ५५ लिटर दिलं तर रोज सुमारे ३३९ कोटी लिटर. आमच्या गावाच्या मापाने त्याला वर्षाला साधारण ५६ कोटी युनिट वीज लागेल. आमच्या बिलावर सगळे आकार धरून युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडतात, त्या दराने झाले ३३५ कोटी रुपये.

आणि शेतीपंप? मोफत विजेच्या शासन निर्णयातच आकडा आहे : वर्षाला ३९,२४६ दशलक्ष युनिट. म्हणजे ३,९२४ कोटी युनिट. महाराष्ट्राच्या सगळ्या खेड्यांच्या पिण्याच्या पाण्याला लागणारी वीज त्याच्या दीड टक्का भरते. पैशात बघितलं तर १४,७६० कोटींपुढे ३३५ कोटी, सव्वादोन टक्के.

माझा हिशेब ढोबळ आहे. काही ठिकाणी पाणी आपसूक उताराने येतं, तिथे वीज लागत नाही. काही प्रादेशिक योजना वीस-वीस गावांना पन्नास किलोमीटरवरून पाणी देतात, तिथे आमच्या दुप्पट-तिप्पट वीज लागत असेल. लोकसंख्याही २०११ नंतर वाढली. तुमच्या अधिकाऱ्यांनी माझा आकडा दुप्पट केला तरी मी वाद घालणार नाही. दुप्पट करूनही तो पाच टक्क्यांच्या आत राहतो.

बरं, वीज द्यायची कशी याचं उदाहरणही सरकारनेच घालून दिलेलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून जत, कवठेमहांकाळ, आटपाडीसारख्या कोरड्या तालुक्यांत नेतात. बिल थकलं की पंप बंद आणि पाणी बंद, असं तिथे वर्षानुवर्षं चाललं होतं. शेवटी सरकारने तोडगा काढला : वीजबिलाचे ८१ टक्के सरकार भरेल, १९ टक्के लाभधारक. द्राक्षाच्या बागेला पाणी चढवायचं ८१ टक्के बिल सरकार भरू शकतं. मग हंड्याचं का नाही, एवढंच मी विचारते आहे. सगळं फुकट मी मागतच नाही.

कारण यात आमचाही दोष आहे आणि तो मी आधीच कबूल करते. आमची पाणीपट्टी वर्षाला ६०० रुपये. ४८० घरांची मागणी होते २ लाख ८८ हजार. त्यातली निम्मी वसूल झाली तरी ग्रामसेवक खूश. त्या पैशांत वॉलमनचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, फुटलेल्या लाइनची दुरुस्ती आणि वर्षातून एक-दोनदा जळालेली मोटार भरून आणणं एवढंही बसत नाही. त्यावर सव्वा लाखाचं वीजबिल. मी निवडून आले त्या वर्षी पाणीपट्टी १,००० करावी असा विषय मासिक सभेत आणला होता. सदस्यांनी तोंडं वाकडी केली, कुणी तरी म्हणालं, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मी तो विषय परत आणला नाही. त्यापुढच्या वर्षी निवडणूक जवळ आली होती. आता पदावर नाही म्हणून हे लिहिण्याचं धैर्य आलं आहे, हेही खरं.

पण यात तुमच्यापैकी काहींचा हात आहे. प्रचारात "पाणीपट्टी माफ करू" म्हणणारे आमच्याच तालुक्यात भाषण करून गेलेले आहेत. घराघरात वसुलीला आम्ही जातो, शिव्या आम्ही खातो, आणि वरून कुणी तरी माफीचं नाव काढलं की पुढचे सहा महिने कुणी पावती फाडत नाही.

आता तुमच्या अर्थसंकल्पाकडे येते.

१० मार्च २०२५ रोजी मांडलेला अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा होता. त्यात ऊर्जा विभागाला २१,५३४ कोटी, जलसंपदा विभागाला १५,९३२ कोटी आणि पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाला ३,८७५ कोटी अशी कार्यक्रम खर्चाची तरतूद होती. हे आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत, मी ते उगाच सांगत नाही. गावाच्या विहिरीपाशी उभं राहिलं की हे तीन विभाग वेगळे दिसत नाहीत. तिथे एक मोटार असते. तिच्यात वीज आली तर पाणी येतं. तुमच्या कागदावर मात्र वीज एका मंत्र्याकडे, धरणाचं पाणी दुसऱ्याकडे, नळाचं पाणी तिसऱ्याकडे, पाझर तलाव जलसंधारणाकडे, पंचायत ग्रामविकासाकडे आणि नळ बंद पडल्यावर येणारा टँकर महसूल खात्याकडे. आमची वायर सोडवली गेली तेव्हा मी तालुक्याला पाच कचेऱ्या फिरले. पाचही ठिकाणी माणसं नीट बोलली आणि पाचही ठिकाणी सांगितलं की हा विषय आमच्याकडे येत नाही.

एक साहेब फारच मनमोकळे होते. त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "ताई, नवीन योजना मागा, लगेच प्रस्ताव करू. जुनी चालवायला लेखाशीर्षच नाही." लेखाशीर्ष म्हणजे ज्या नावाखाली अर्थसंकल्पात पैसे ठेवतात ते खातं.

आमच्या गावात गेल्या चाळीस वर्षांत तीन पाणीयोजना झाल्या. पहिली मी लग्न होऊन आले तेव्हाची. तिची टाकी अजून उभी आहे, तिच्यावर कबुतरं राहतात. दुसरीची लाइन रस्त्याच्या कामात फुटली. तिसरी जल जीवन मिशनची. तिन्ही वेळा नारळ फुटला, तिन्ही वेळा पाटी लागली. दुरुस्तीचा नारळ फोडायला आजवर कुणी आलेलं मी पाहिलं नाही. भाषणात वाचून दाखवायला योजनेला नाव लागतं, आणि वीजबिलाला काय नाव देणार? मुख्यमंत्री मोटार-वाइंडिंग योजना?

जल जीवन मिशनबद्दल दोन शब्द जास्त बोलते, कारण त्याचा विषय मोठा आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ते जाहीर केलं. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, एकूण खर्च ३ लाख ६० हजार कोटी, आपल्यासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या ४८ लाख ग्रामीण घरांतच नळ होता, साधारण तीन घरांतल्या एका घरात. आज तो दहातल्या आठाहून जास्त घरांत आहे असं सरकारची नोंद सांगते. हे काम छोटं नाही. आमच्या वस्तीवरच्या बायकांना दारात तोटी बघून जे वाटलं ते मी बघितलं आहे. एका म्हातारीने तोटीला हळदकुंकू लावलं होतं.

पण नळ जोडला आणि पाणी आलं या दोन गोष्टी नोंदीत एकच धरल्या जातात. आमच्या वाड्यातल्या नळांना आधारकार्ड जोडलेलं आहे, फोटो काढलेले आहेत. पाणी मात्र चौथ्या दिवशी. आणि काही ठिकाणी तर टाकीच अर्धवट. केंद्राने २०२४-२५ साठी सुमारे ७० हजार कोटी ठेवले होते, वर्षअखेरीच्या सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. पुढच्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. दिल्लीत आकडा बदलला की इथे काय होतं सांगते. ठेकेदाराचं बिल अडकतं. तो मजूर काढून घेतो. चारीत टाकलेले पाइप उघडे राहतात, पावसाळ्यात त्यांत माती जाते आणि गुरं त्यावरून चालतात. वर्षाने पैसे येतात तेव्हा आधी पाइप उकरून साफ करावे लागतात आणि ते काम अंदाजपत्रकात नसतं.

मिशनमध्ये गावाचा वाटाही होता. गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के, डोंगराळ भागात आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के लोकवर्गणी. कल्पना चांगली होती. माणसाने स्वतःचे चार पैसे घातले की वस्तू जपतो. आम्ही वर्गणी गोळा केली, श्रमदानही धरलं. पण त्या चार पैशांनंतर योजना चालवायला दरवर्षी लागणारे पैसे कुठून यायचे, यावर त्या सगळ्या प्रशिक्षणात एकच उत्तर होतं : पाणीपट्टी. आणि पंधराव्या वित्त आयोगाचा निधी.

त्या निधीचंही ऐका. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखून ठेवलेला होता. २०२१ मध्येच सांगण्यात आलं की पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलं या आयोगाच्या निधीतून भरा. तेव्हा राज्यभरच्या सरपंचांनी ओरड केली होती, मी त्यांत होते. आमचं म्हणणं साधं होतं : हा पैसा गटारीला, शौचालयाला, लाइन दुरुस्तीला आला आहे. त्यातून बिलं भरली की बाकी काही उरत नाही. घरात लेकराच्या फीचे पैसे उचलून किराण्याची उधारी भरावी, तसं ते. उधारी फिटते, पण फी राहते.

मग नळ बंद पडल्यावर काय होतं? तिथे मात्र पैसे असतात. टंचाई कृती आराखडा दरवर्षी तीन टप्प्यांत होतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. त्यात खासगी विहिरींचं अधिग्रहण असतं, तात्पुरती पूरक नळयोजना असते, टँकर असतो. टँकरने माणशी २० लिटर मिळतं. म्हणजे नळाने ५५ लिटर द्यायला वीजबिलाचे पैसे नाहीत, पण वायर सोडवल्यावर २० लिटर चाकांवर घालून आणायला पैसे आहेत. डिझेलने पाणी चढवणं विजेने चढवण्यापेक्षा स्वस्त पडतं असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा आमच्या घाटात टँकरमागे मोटारसायकल चालवून बघावी.

२०१६ चा एप्रिल आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर आलं, पुढे एका खेपेला पंचवीस लाख लिटर यायला लागलं. त्या वेळी हे कुठल्या लेखाशीर्षात बसतं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. बिल रेल्वेने मागाहून पाठवलं. माणसं तहानेने मरायला टेकल्यावर सरकार धावतं, याबद्दल माझी तक्रार नाही. तहान लागायच्या आधीची चार हजारांची दुरुस्ती मात्र वर्षभर पडून राहते, कारण तिच्यासाठी कुणी धावत नाही.

तलावात, विहिरीत पाणीच नसेल तर मोटारीचं काय, असं तुमच्यातले जलसंधारणवाले म्हणतील. म्हणा, ते खरंच आहे. पण तिथेही हीच रड. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचनाची टक्केवारी ०.१ ने वाढल्याचा आकडा छापला गेला आणि त्यावरून २०१२ च्या नोव्हेंबरात श्वेतपत्रिका काढावी लागली. मग दुसरे आले, त्यांनी जलयुक्त शिवार केलं. त्यावर ९,६३३ कोटी खर्च झाले आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी लिहिलं की भूजल वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. तुम्ही त्या आकड्यांवरून एकमेकांना काय बोलायचं ते बोला, आमच्या गावात दोन्ही बाजूंचे बंधारे आहेत. दोन्हींत गाळ आहे. गाळ काढायला पैसे कुणीच ठेवले नव्हते.

हिवरे बाजारात ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते : पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, पिण्याला किती ठेवायचं आणि उरलेल्यात कुठलं पीक बसतं. आम्ही दोन बस भरून ते बघायला गेलो होतो. परत येताना एका सदस्याने विचारलं, "एवढंसं गाव पाण्याचा जमाखर्च मांडतं, मग मुंबईला का जमत नाही?" मी त्याला गप्प बसवलं. आज तोच प्रश्न तुम्हाला विचारते आहे.

आता सौर. हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

अण्णांच्या बांधापलीकडे एका पोराने मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेतून पंप घेतला. दहा टक्के त्याने भरले, बाकीचे केंद्राने आणि राज्याने. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाचच टक्के भरावे लागतात. पाच एकरांवर जमीन असेल तर साडेसात एचपीचा पंप मिळतो. पोरगं दिवसा पाणी देतं, रात्री झोपतं. बिबट्याच्या भीतीने रात्री रानात जावं लागत नाही, म्हणून त्याच्या आईने मला पेढे दिले. योजना चांगली आहे, तिची मी मनापासून स्तुती करते.

मग मी चौकशी केली, पंचायतीच्या विहिरीला मिळेल का? नाही. योजना शेतकऱ्यासाठी आहे. पंचायतीची विहीर एका सज्जन माणसाने दिलेल्या दोन गुंठ्यांवर आहे. तिचा सातबारा आहे, पण विहीर काही शेतकरी नाही. पिण्याच्या पाण्यासाठी सौर असं राज्यात झालेलंच नाही असंही नाही. गडचिरोलीसारख्या भागात छोट्या पाड्यांवर हातपंपालाच सौर पंप जोडून टाकी बसवलेल्या दुहेरी पंपाच्या योजना वर्षानुवर्षं चालल्या आहेत. साडेसात एचपीला मात्र आमच्या वाट्याला कुठलंच खातं आलं नाही.

खरं म्हणजे पिण्याच्या पाण्याइतकं सौरऊर्जेला सोयीचं काम दुसरं नाही. शेतीचा पंप पेरणी-काढणीच्या मधे महिनेच्या महिने उन्हात नुसता उभा असतो. पिण्याचा पंप तीनशे पासष्ट दिवस चालतो. रात्री वीज साठवायला बॅटरी लागते म्हणतात. आम्हाला नको. दिवसा टाकी भरली की झालं, टाकी हीच आमची बॅटरी. आणि आणखी एक. आमची विहीर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर आहे, गावठाणाच्या नाही. थ्री फेज आठ तास मिळते. वर सांगितलं ना, टाकी भरायला नऊ तास लागतात? तो एक तास आम्हाला चार वर्षांत कुणी देऊ शकलं नाही. कागदावर ५५ लिटर आणि फीडरवर आठ तास, हे दोन आकडे एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

शेतीच्या फीडरांना सौर प्रकल्पांतून वीज द्यायचं मोठं काम राज्याने काढलं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मार्च २०२४ मध्ये ९,२०० मेगावॉटची कामं दिली गेली, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला तीन मेगावॉटचा पहिला प्रकल्प त्याच वर्षी सुरूही झाला. या कामातली किती वीज पिण्याच्या पाण्याच्या विहिरींना, हे आताच ठरवून टाका. फीडर बांधून झाल्यावर मागायला गेलं की तोच जुना शब्द ऐकू येतो, लेखाशीर्ष.

माझं मागणं फार नाही. पाणीपुरवठा विभागाच्या मागणीत योजना चालवण्याचं वेगळं लेखाशीर्ष काढा आणि त्यात नळांच्या संख्येप्रमाणे पैसे ठेवा, म्हणजे जितके नळ जोडल्याचं सांगाल तितके पैसे द्यावे लागतील आणि खोट्या नोंदींची हौसही जरा कमी होईल. पिण्याच्या पाण्याच्या मोटारीला ८१-१९ लावा. आमच्या १९ टक्क्यांसाठी पाणीपट्टीची अट घाला, ज्या पंचायतीने सत्तर टक्के पाणीपट्टी वसूल केली तिलाच तुमचे ८१ टक्के द्या, मी त्या अटीच्या बाजूने ग्रामसभेत उभी राहीन. मागेल त्याला सौरच्या अर्जात अर्जदार म्हणून ग्रामपंचायत हा एक चौकोन वाढवा. आणि सुधारित अंदाज मांडताना मार्चमध्ये ठेवलेले किती आणि खरे दिलेले किती, हे जिल्ह्यावार छापा. आम्हाला कळू तरी द्या की आमची चारी उघडी का आहे.

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. म्हणजे मार्चमध्ये विसरलेलं जुलैमध्ये आठवता येतं. तुमच्या हातात कपात सूचना असते, म्हणजे मागणीवर हरकत घेऊन विषय मांडायची सोय. तुमच्यातले किती जण पाणीपुरवठ्याच्या मागणीवर ती देतात आणि किती मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकदम मताला पडतात, हे मला वर्तमानपत्रात कधी नीट वाचायला मिळालं नाही. सभागृहात रात्री बारापर्यंत काम चाललं अशी बातमी येते. त्या रात्री आमचा वॉलमन पण जागाच असतो. थ्री फेज रात्रीची असली की तो विहिरीवर झोपतो.

अर्थसंकल्पाचं भाषण या वेळी मी ऐकणार आहे. आमच्या नव्या सरपंच ताईंनी ग्रामपंचायतीत टीव्ही लावायचं कबूल केलं आहे. फक्त ते दुपारी असतं आणि दुपारी आमच्याकडे लाइट नसते, म्हणून मोबाइल भरून ठेवू.

आपली,
एक माजी सरपंच

ता. क. : हे पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. त्यांचं एकच म्हणणं आहे, त्यांच्या मोटारीची गोष्ट वाचून कुणी त्यांचं शून्य बिल बंद करू नये. मी त्यांना सांगितलं आहे की गावाचं नाव लिहिलेलं नाही. साठ फूट पाइप त्यांनी अजून काढलेला नाही, गुंडाळून विहिरीच्या कडेला ठेवला आहे. थकबाकी परत ४१ हजारांवर गेली आहे.